सातकडी परगण्यात गेलेल्या कच्च्या प्रतीची बखर

श्री. जे लिहिले ते हातचे गेले, आणि हातचे गेलेले कोणाच्या हाती पडेल हे जिला एकटीला ठाऊक, त्या वाग्देवतेचे चरणी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, वाचणारे ओळखतील.

राज्य थोर, विद्येची चाड बहुत, आणि शास्त्री, वैद्य, गणिती यांची दाटी, आणि त्या सर्वांची चाल ऐसी की वर्षानुवर्षे खपून शोध लावावा, त्याचा लेख करावा आणि तो छापशेटाकडे धाडावा. छापशेट म्हणजे पोथ्या छापणारे बडे व्यापारी. ते लेख परीक्षकांकडे देत, परीक्षक फुकट दोष काढीत, लेखक फुकट दोष निस्तरीत, मग छापशेट लेखास सोनेरी चौकट करून पोथीत घालीत आणि लेखकाची एका कागदावर सही घेत की आजपासून हा लेख आमचा. तो कागद कोणा शास्त्र्याने पुरता वाचला ऐसे ऐकिवात नाही. आणि पोथीचे मोल ऐसे चढे की ज्याने लिहिले त्यासही ती विकत घेणे जड जाई, मग डोंगरातल्या वैद्याची कथा काय. यास्तव दोन वाटा निघाल्या होत्या. राज्यात ज्याच्या त्याच्या हाती दर्पण असे, त्यात बोट फिरविले की मुलूखभरचा मजकूर दिसे, आणि दोन्ही वाटा त्या दर्पणातूनच जात. पहिली वाट सरकारी ग्रंथभांडाराची. तेथे सोनेरी प्रत ठेवण्यास मनाई, कारण ती छापशेटाची, परंतु परीक्षकांचे दोष निस्तरून लेखकाने आपल्या हाताने केलेली शेवटची प्रत, तीस स्वहस्तप्रत म्हणत, ती ठेवण्यास मोकळीक असे, आणि कोणीही यावे, फुकट वाचावे, नाव गाव सांगणे नलगे. भांडार दिसण्यास राखाडी, शोभा म्हणून काडीची नाही. दुसरी वाट मजलिशीची. मजलीस परद्वीपीच्या सावकारांनी घातली होती. तेथे प्रत्येक शास्त्र्यास आपली भिंत, भिंतीवर आपली तसबीर, तसबिरीखाली मनसब, आणि रोज सकाळी मजलिशीचा हरकारा दर्पणात येऊन मुजरा करी की आज आपणास सात जणांनी वाचले, आज एका थोर पंडिताने आपले नाव घेतले, कोण ते पाहावयाचे असल्यास वरची मनसब विकत घ्यावी. शास्त्रीलोक त्या मुजऱ्यास भाळले. मजलीस मात्र कोण आला, काय वाचले, कोठे नजर थबकली, हे सर्व टिपून ठेवी आणि कोणास विकी ते कोणी पुसले नाही.

राजधानीच्या वैद्यशाळेत सगुणाबाई घैसास म्हणून विदुषी होत्या. वय पस्तिसाचे, बोलणे नेमके, हात स्वच्छ, आणि मोजल्यावाचून कशावर विश्वास नाही. मुलखात थरथरा नावाचा ज्वर पोरांस धरी, आणि बाईंनी सहा वर्षे खपून कडूसालीच्या मिठाचा उतारा शोधिला की लहान लेकरास एका मात्रेस एक गुंज द्यावे, ज्वर उतरतो. मग लेख लिहिला, आणि लेख छापशेटाकडे धाडला त्याच दिवशी हौसेने त्याची कच्ची प्रत मजलिशीच्या भिंतीवरही लाविली. त्या प्रतीत एक चूक होती. वरच्या कोष्टकात सालीचे वजन होते, ते माशांत. खालच्या कोष्टकात लेकरांची मात्रा होती, ती गुंजांत. खालचे कोष्टक करताना बाईंनी वरचे उचलले, आकडे बदलिले आणि माथ्यावरचा मासा हा शब्द तसाच राहिला. आणि आठ गुंजा मिळून एक मासा होतो हे सराफाच्या शेंबड्या पोरासही ठाऊक. परीक्षकाने ते पाहिले आणि समासात लिहिले की, हे मासे असतील तर हे औषध नव्हे, विष आहे, पाहावे. बाईंनी ते वाचले. मग त्यांनी छापशेटाकडून आलेल्या छापील खर्ड्यावर तांबड्या शाईने मासा खोडून गुंज केले आणि खर्डा परत धाडला. आपल्या पेटीतील प्रतीवर मात्र खोडले नाही. ऐसी चूक शास्त्रीलोकच करितात. वाण्याच्या हातून होत नाही, कारण त्यास एकच वही असते.

लेख छापून आला, मान जाहला. बाईंनी सोनेरी प्रत मजलिशीच्या भिंतीवर कच्चीच्या वर लाविली. तसे करण्याची मोकळीक नव्हती, परंतु सगळेच करीत. लोक येत, वरची प्रत वाचीत, आणि वर्षभरात वाचणारे चार हजार जाहले. मजलिशीने लेखाच्या नावाखाली परीक्षित ऐसा हिरवा शिक्का उमटविला. इकडे भांडाराचे भांडारी यादोपंत पाटणे यांनी बाईंस तीन पत्रे धाडिली की स्वहस्तप्रत पाठवावी. बाई म्हणत, उद्या धाडू.

मग आश्विन वद्य पंचमीस दोन प्रहरी छापशेटांचा खलिता मजलिशीस गेला की आमच्या सोनेरी प्रती उतरवा, न उतरवाल तर न्यायसभेत ओढू. आणि मजलिशीचे सावकार शास्त्र्यांस न पुसता एका घटकेत सर्व सोनेरी प्रती उतरविते जाहले. शाळेत हाकाटी जाहली. कान्होबा रेगे म्हणून गणिती बाईंच्या शेजारच्या दालनात बसत. ते जेवता जेवता ताटावरून उठून आले.

"सगुणाबाई, लुटलो! माझे अठरा लेख, अठरा! भिंत ऐसी कोरी जाहली की जसा मी जन्मासच आलो नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, "कान्होबा, ते अठरा वाचून मुलखात कोणाचे काय अडले होते?"

"करा थट्टा. तुमचीही गेली आहे."

"जाईना का. छापशेटाकडे आहेच की." ऐसे बोलून बाई कामास लागल्या, आणि त्या रात्री त्यांस झोप उत्तम लागली. तशी झोप पुढे लागली नाही.

दुसरे दिवशी सकाळी बाई चहा घेत होत्या आणि कान्होबा समोर बसून छापशेटांस शिव्या देत होते, तो हरकारा दर्पणात आला आणि मुजरा करून बोलिला की, सगुणाबाई, मुबारक! काल एका दिवसात आपला लेख एकशे बारा जणांनी कागदावर उतरवून नेला. सातकडी परगण्यात आजमितीस आपल्याएवढे कोणी वाचले जात नाही.

"एकशे बारा!" कान्होबा बोलिले. "बाई, मला जन्मात इतके मिळाले नाहीत. पेढे काढा. आता हे काय, तोंड ऐसे का केलेत?"

बाईंनी पेला खाली ठेविला. म्हणाल्या, "कान्होबा, सोनेरी प्रत काल दुपारी गेली. मग हे एकशे बारा जण वाचतात ते काय?"

मग बाईंनी आपली भिंत उघडिली. वरची प्रत गेली होती आणि तिच्या जागी खालची कच्ची वर आली होती. लेखाचे नाव तेच. त्याखाली चार हजार वाचकांचा आकडा तसाच, आणि परीक्षित हा हिरवा शिक्काही तसाच, कारण मजलीस शिक्का लेखाच्या नावास देई, प्रतीस नव्हे. आणि आत, दुसऱ्या कोष्टकाच्या माथ्यावर, मासा. बाईंनी तो शब्द तीन वेळा वाचला. मग सातकडी हे नाव ध्यानात आले. परगणा डोंगराळ, सरहद्दीवरचा, आणि तेथे दसऱ्यापासून थरथरा पेटला आहे हे दप्तरी आले होते. तेथले वैद्य हौसेने वाचीत नाहीत. समोर पोर तापलेले असते म्हणून वाचितात.

बाई प्रत भिंतीवरून उतरवू लागल्या. मजलिशीने पुसले, खरेच उतरवावी काय, आपली कीर्ती उणी होईल. बाईंनी होय म्हटले. परंतु गेलेल्या एकशे बारा प्रती गेल्याच होत्या. मग बाईंनी पुसले की कोणी नेल्या त्यांची नावे द्यावी. मजलीस बोलिली, वरची मनसब घ्यावी. बाईंनी घेतली, आणि यादी उघडली ती ऐसी: वैद्य, सातकडी परगणा. वैद्य, सातकडी परगणा. विद्यार्थी, मुक्काम ठाऊक नाही. वैद्य, सातकडी परगणा. नाव एकाचेही नाही. मग कारभाऱ्यांस लिहिले की लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे, या सर्वांस माझा निरोप पोचवा. उत्तर पापणी लवण्याच्या आत आले. आपला प्रश्न आम्हांस मोलाचा वाटतो, सात दिवसांत उत्तर देऊ.

"सात दिवस," बाई म्हणाल्या. "पोर दोन दिवसांत जाते."

कान्होबा आता थट्टा करीत नव्हते. ते हळूच बोलिले, "यादोपंताकडे चला."

"त्यांना काय तोंड दाखवू?"

"हे आहे तेच दाखवा. दुसरे आणणार कोठून?"

मग दोघे भांडारात गेले. यादोपंत साठीचे, नाकावर चष्मा, बोलणे खडबडीत. त्यांनी बाईंस पाहिले मात्र आणि खणातून तीन पत्रांच्या नकला काढून चौरंगावर ओळीने मांडल्या.

"पंत, रागवायचे ते नंतर रागवा," बाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या सर्व सांगितले.

पंतांनी चष्मा काढिला. "म्हणजे शुद्ध प्रत साऱ्या मुलखात एक छापशेटाच्या कुलपात. आणि तुमच्या पेटीत?"

"कच्चीच."

"परीक्षकाने विष म्हटलेली?"

बाईंनी ती दर्पणात उघडून पंतांपुढे धरिली. पंतांनी तीन पत्रे पुन्हा खणात टाकिली. मग म्हणाले, "बसा इथे. आता दुरुस्त करा. मी पाहातो, तुम्ही खोडा." मग बाईंनी बसून एकेक ओळ सुधारली आणि पंतांनी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून घेतला, आणि माथ्यावर ठळक लिहविले की, मासा नव्हे, गुंज, पूर्वीची प्रत मानू नये. घटकेत स्वहस्तप्रत भांडारात दाखल जाहली, सर्वांस खुली. बाईंनी पुसले, "पंत, आता हे कोण वाचते ते तुम्हांस कळेल?"

"नाही," पंत म्हणाले. "आम्ही नाव पुसत नाही. ती आमची अब्रू आहे. आज तीच आड आली."

एक घर सर्व जाणते आणि सांगत नाही, दुसरे घर सांगेल पण जाणत नाही, आणि मध्ये डोंगरात कोणी तागडीत मीठ तोलतो आहे. परंतु पंतांनी आपला दर्पण उचलिला. म्हणाले, "थांबा. परगण्या-परगण्यात आमच्यासारखा एकेक खडूस बसलेला आहे. आम्हांस दुसरे कोणी पुसत नाही, म्हणून आम्ही एकमेकांस ओळखतो." सातकडीच्या शाळेतील ग्रंथपाल ठकूबाई पाडवी, त्यांस त्यांनी साद घातली.

"पंत?" ठकूबाई बोलल्या. "आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा? एरवी तुमचं फक्त स्मरणपत्र येतं."

"ठकूबाई, तुमच्याकडे थरथरा आहे?"

"आहे म्हणजे! शाळेला टाळं लागलंय. घरटी एक पोर आडवं."

"औषध कोण देतो?"

"रायसिंग वैद्य, वळवीचा. देवमाणूस. कालच टेकडीवर चढला होता, शाळा सोडली तर तिथंच दर्पण चालतो ना आमच्याकडं. राजधानीच्या बाईंचा उतारा गावला म्हणून नाचत खाली आला. आजूबाजूच्या साऱ्या वैद्यांना त्यानंच कळवलं."

बाईंनी पंतांच्या हातून दर्पण ओढून घेतला. "ठकूबाई, मी ती राजधानीची बाई. त्यांना थांबवा. एक कणही देऊ नका म्हणावे. किती दूर आहे?"

"अर्धा कोस. अन् मधे चढ."

"पळा."

"बाई, माझे गुडघे..."

"ठकूबाई, पळा!"

मग वाट पाहाणे आले. भांडारात ऊन खिडकीतून चौरंगावर आले आणि चौरंगावरून खाली उतरले, आणि बाई गणित करीत बसल्या, कारण मन दुसरे काही करू देईना. लेकरू आठ वर्षांचे धरिले, वजन इतके, मीठ आठपट. पहिल्या मात्रेने कान वाजू लागतील. दुसरीने ऐकू येणे जाईल. तिसरीने डोळ्यांपुढे अंधार. चवथीने काळीज थांबेल. हे कोणा ग्रंथात शोधावे लागले नाही, बाईंनी स्वतःच तिसऱ्या कोष्टकात लिहिले होते, आणि त्यात चूक नव्हती. कान्होबांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तसाच राहिला. एकदा दर्पण थरथरला आणि तिघे दचकले, तो मजलिशीचा हरकारा होता, म्हणत होता की आपली भिंत रिकामी दिसते, नवा लेख लावावा.

मग टेकडीवरून साद आली. ठकूबाईंचा श्वास लागलेला ऐकू आला आणि मग पुरुषाचा आवाज. "बाई, मी रायसिंग. ही म्हातारी म्हणते औषध देऊ नको. काय झालं?"

"आपण मात्रा किती दिली?"

"मासा. तुम्ही लिहिलं तसं."

"किती जणांना?"

"एकीलाच अजून. नवं औषध आम्ही आधी एकाला देतो, मग बाकीच्यांना. अकरा पुड्या बांधून ठेवल्यात, आता वाटायला निघणार होतो."

"पुड्या वाटू नका. ती एक कोण?"

"मोगी. आठ वर्षांची. तिची आई म्हणाली, माझीला आधी द्या, ती लई तापलीय."

"किती वेळा दिलं?"

"दोनदा. काल सांजेला अन् आज सकाळी. तिसरी ही हातातच आहे."

"ती कशी आहे?"

"ताप उतरलाय. सकाळी म्हणत होती, कानात भुंगे शिरलेत. आता..." आवाज थांबला. "आता हाक मारली तर बघत नाही. झोपेत असंल म्हटलं. बाई? गप का झालात?"

"रायसिंगराव, ते गुंज होते. मासा नव्हे, एक गुंज. तिसरी मात्रा फेकून द्या, तिला पाणी पाजीत राहा, नाडी मोजीत राहा. चूक माझी आहे."

पलीकडे पुडी फाडल्याचा आवाज आला. मग रायसिंग बोलला, "पण वर शिक्का होता ना बाई, परीक्षित म्हणून?"

"होता."

"मग?"



मग बाई त्याच दिवशी सातकडीस निघाल्या, आणि रायसिंग वैद्याने टेकडीवरूनच, ज्या वैद्यांस कळविले होते त्यांस थांबविले, मग अकरा पुड्या उघडून प्रत्येकीतील मीठ गुंजेने पुन्हा तोलिले आणि अकरा पोरांस दिले, आणि अकराही उठून बसली. उतारा खरा होता. बाई पोचल्या तेव्हा मोगी दारात बसून चिंचोके मांडीत होती. तिची आई भाकरी थापीत होती. तिने मान वर केली.

"तुम्हीच का, औषधवाल्या?"

"होय."

"ताप गेला," आई म्हणाली. मग पोरीकडे पाहून तिने दोन्ही हातांनी टाळी वाजविली, जोराने. मोगी चिंचोके मांडीत राहिली. "एवढंच राहिलं बघा," आई म्हणाली. "येईल ना हो परत?"

बाईंनी सहा वर्षांत किती लेकरे मोजिली होती, किती कोष्टके केली होती. त्यांस ठाऊक होते, येत नाही. त्या पायरीवर बसल्या, आणि ते तोंडाने सांगितले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. कान्होबांनी आपले अठरा लेख भांडारात दिले, मजलीस आहे तेथे आहे, आणि छापशेटांनी पोथीचे मोल वाढविले. यादोपंत, ठकूबाई आणि परगण्या-परगण्याचे भांडारी यांनी दारोदार पुसून कच्च्या प्रतींचा माग काढिला. एकशे बारांपैकी एकशे तीन सापडल्या आणि जाळिल्या. नऊ कोणी नेल्या, कोणत्या गावी आहेत, आणि तेथे या वर्षी थरथरा आला आहे किंवा नाही, हे ही बखर लिहीपर्यंत कळले नाही. ही प्रत शुद्ध असे.